कोकणातलं जुनं घर विकायचंय. आधी १४ लाख घालावेत का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. गुहागर तालुक्यात, खाडीच्या वरच्या अंगाला, आजोबांनी बांधलेलं चिऱ्याचं कौलारू घर. मागे १९९२ साली वडिलांनी काढलेली स्लॅबची खोली आणि संडास-बाथरूम. भोवती ११ गुंठे जागा. आई गेल्यापासून घर बंद. तुम्ही डोंबिवलीला, बहीण कोल्हापूरला, काकांची मुलं त्याच वाडीत. एजंट म्हणतो, असंच विकलंत तर ४५ लाख, ‘करून’ विकलंत तर ६५. ठेकेदाराने १४ लाखांचं अंदाजपत्रक दिलंय. घालावेत का?

नाही. निदान या अंदाजपत्रकावर तरी नाही. अशी घरं दुरुस्त करण्यावरच माझं पोट आहे, कामाला मी सहसा नाही म्हणत नाही, तरी हे सांगतोय. पण घर आहे तसं टाकून द्या, असंही माझं म्हणणं नाही. साधारण तीन लाख घालण्यासारखे आहेत, आणि ते ज्यावर घालायचे त्यातलं बरंचसं या अंदाजपत्रकात आलेलंच नाही.

तुम्ही पाठवलेल्या ओळी अशा: पत्र्याचं छप्पर ४.५० लाख, घरभर व्हिट्रिफाइड टाइल्स २.७५, आतून-बाहेरून सिमेंट प्लास्टर आणि रंग २.२५, पीओपीचं छत आणि वायरिंग १.६०, संडास-बाथरूम १.५०, ग्रॅनाइटचा ओटा आणि ट्रॉल्या १.४०. हे कल्याणच्या फ्लॅटचं अंदाजपत्रक आहे. त्यात वरती पत्रा जोडलाय, एवढाच काय तो कोकणचा भाग.

आधी एजंटचे २० लाख बघू. ‘करून विकलं तर ६५’ या वाक्याला आधार काय, ते त्याला विचारा. गेल्या दोन-तीन वर्षांत आजूबाजूच्या गावांत अशी केलेली कुठली घरं कितीला गेली? मागणीचे आकडे नकोत, मागणी कोणीही काहीही करतो. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्चमध्ये गाव आणि वर्ष टाकून झालेल्या दस्तांची सूची दोन, म्हणजे नोंदलेल्या व्यवहाराचा गोषवारा, बघता येते. दस्तातला आकडा नेहमी सगळं सांगतो असं नाही, पण जमिनीचे भाव कुठे आहेत आणि घरासकट व्यवहार मुळात किती झालेत, हे त्यातून कळतं. कोकणातल्या बहुतेक गावांत असे व्यवहार इतके थोडे होतात की ‘नूतनीकरण केलेल्या घराचा दर’ असा काही ठरत नाही. दर ठरतो जागेचा, रस्त्याचा, पाण्याचा आणि कागदाचा.

शिवाय १४ लाख हे १४ राहत नाहीत. कौलं उतरवली की वाशांची भिंतीत बसलेली टोकं दिसतात, आणि सहा पावसाळे बंद राहिलेल्या घरात त्यातली काही कुजलेली निघणारच. तिथून १७-१८ वर जायला वेळ लागत नाही. काम दिवाळीनंतर सुरू होतं, शिमग्याला गडी चार-आठ दिवस गायब, मे महिन्यात पाणी नाही, आणि मिरगाच्या आत छप्पर बंद करायची घाई. तुम्ही डोंबिवलीहून फोनवर देखरेख करणार. म्हणजे एक आख्खा हंगाम गेला, आणि नेमका तोच हंगाम गिऱ्हाइकं जागा बघायला फिरतात.

आता गिऱ्हाईक कोण, ते बघा. सगळं उत्तर इथून निघतं. तुमच्या घराला चार तऱ्हेचे लोक येऊ शकतात. पहिला भाऊबंद किंवा शेजारी. त्याला ११ गुंठे हवेत, टाइल्सचे तो एक रुपयाही देणार नाही. दुसरा प्लॉटिंगवाला, तो घर पाडणार. तिसरा निवृत्तीनंतर गावी परतणारा चाकरमानी. त्याला घर राहतं हवंय, पण स्वयंपाकघर कसं असावं याचा आराखडा त्याच्या बायकोच्या डोक्यात केव्हाचा तयार असतो, आणि त्यात तुमचा ग्रॅनाइट बसत नाही. चौथा पुण्या-मुंबईचा, सुट्टीतलं घर किंवा निवास-न्याहारीचा धंदा शोधणारा. जास्तीत जास्त पैसे हाच देऊ शकतो, आणि हा माणूस पडवी, माजघर, उघडा चिरा, वरती दिसणारे वासे यासाठीच इतक्या लांब येतो. पत्रा, पीओपी आणि चकचकीत फरशी बघून तो चहा पिऊन परत जाईल. चौघांपैकी एकालाही या १४ लाखांची किंमत नाही.

त्यातही एक चाळणी आहे. तुमचे ११ गुंठे सातबाऱ्यावर अजून शेतजमीन म्हणूनच असतील, बिनशेती झालेले नसतील, तर कुळवहिवाट आणि शेतजमीन अधिनियम १९४८ च्या कलम ६३ मुळे बिगरशेतकऱ्याला ते जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय घेता येत नाहीत. चौथ्या प्रकारातले निम्मे लोक ‘शेतकरी दाखला आहे का?’ या पहिल्याच प्रश्नावर गळतात. घर किती सुंदर केलंय याचा त्याच्याशी काही संबंध उरत नाही. बिनशेती करून घेणं किंवा घराखालच्या जागेची नोंद नीट करून घेणं यात जो पैसा आणि जी पायपीट जाईल, त्याने गिऱ्हाइकांची संख्या खरोखर वाढते. कुळकायद्याने मिळालेली, कलम ४३ चा शेरा असलेली जमीन असेल तर विक्रीआधी त्याची वेगळी पूर्तता लागते. इतर हक्कांचा रकाना डोळ्यांत तेल घालून वाचा.

तुम्ही जाता जाता एका ओळीत लिहिलंय की सातबाऱ्यावर ‘अजून आजोबांचं आणि काकांचं नाव आहे’. माझ्या दृष्टीने तुमच्या पत्रातली सगळ्यात मोठी गोष्ट तीच. मृत माणसाच्या नावावरचं घर सोन्याने मढवलंत तरी विकता येत नाही. आजोबा मृत्युपत्र न करता गेले असतील तर त्यांच्या मुलीही वारस आहेत. म्हणजे तुमच्या दोन आत्या, आणि त्यांतली कोणी हयात नसेल तर तिची मुलं. ‘त्या कधी काही मागणार नाहीत’ हे खरं असेलही, पण त्यांचं न मागणं कागदावर यावं लागतं. वारस नोंद, फेरफार मंजूर, मग ज्यांना हिस्सा नको त्यांचं नोंदणीकृत हक्कसोडपत्र, किंवा सगळ्यांनी मिळून खरेदीखतावर सह्या. कोऱ्या कागदावरची संमती, व्हॉट्सॲपवरचा अंगठा यांना अर्थ नाही.

ग्रामपंचायतीचा आठ नंबरचा उतारा तुमच्या वडिलांच्या नावावर आहे म्हणून निर्धास्त राहू नका. ती घरपट्टीची नोंद आहे, मालकीचा पुरावा नाही. आपल्याकडे घर एकाचं आणि खालची जमीन दुसऱ्याच्या सातबाऱ्यात, खोताच्या नाहीतर शेजाऱ्याच्या, अशी पिढ्यान्‌पिढ्या उभी असलेली घरं ढिगाने आहेत. भूमी अभिलेखकडे मोजणीचा अर्ज आजच टाका, कारण तारीख यायला वेळ लागतो. मोजणीच्या नकाशाची क प्रत हातात आली की गडगा, म्हणजे दगडी कुंपण, कुठे सरकलंय, मागची स्लॅबची खोली आपल्याच हद्दीत आहे ना, विहीर कोणाच्या नंबरात, आणि रस्त्यावरून घरापर्यंत येणारी पाखाडी वहिवाटीची की कोणाच्या मेहेरबानीची, हे सगळं एकदम स्पष्ट होतं. गाडी अंगणापर्यंत जात नसेल आणि शेजारी नोंदणी करून वाट द्यायला तयार असेल, तर त्याला पैसे मोजा. या घरावर यापेक्षा जास्त परतावा देणारा खर्च मला सुचत नाही.

खाडीचंही बघून घ्या. समुद्र लांब आहे म्हणून सीआरझेड, म्हणजे किनाऱ्यालगतच्या पट्ट्यातले बांधकामाचे निर्बंध, लागत नाही असं लोक धरून चालतात, पण भरतीरेषा खाडीलाही असते आणि पट्टा तिथूनही मोजला जातो. जुन्या अधिकृत घराची आहे त्या जोत्यावर दुरुस्ती करायला साधारण आडकाठी नसते. पडवी पुढे ओढणं, मागे एक खोली वाढवणं, वर मजला चढवणं, इथे गोष्ट बिघडते. विकण्याआधी घर ‘थोडं मोठं करून घेऊ’ असा सल्ला कोणी दिला तर त्याला नमस्कार करा.

आता प्रत्यक्ष घराकडे येतो.

छप्पर ही एकच गोष्ट अशी आहे की तिच्यावर खर्च केला नाही तर दरवर्षी किंमत खरोखर उतरते. वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडणाऱ्या मुलखात एक फुटकं कौल वासा कुजवतं, वाशाने भाल, म्हणजे खालची आडवी तुळई, खचते, आणि मग भिंतीचा माथा भिजायला लागतो. पण छप्पर वाचवणं म्हणजे पत्रा घालणं नव्हे. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर दापोली-मंडणगडकडे अनेकांनी नाइलाजाने पत्रे घातले, आणि ते मी समजू शकतो. डोक्यावर पाऊस होता. तुमच्यावर तशी वेळ आलेली नाही. तुम्हाला हवी ती साधी शाकारणी: सगळी कौलं उतरवून, झाडून, फुटलेली बदलून, कुजलेले वासे आणि रिपा काढून नव्या घालून परत चढवणं. पडवीचं छप्पर मुख्य छपराला मिळतं तिथली पन्हळ बहुधा गंजली असेल, ती नवी टाका.

छप्पर तपासायला इंजिनिअरचा अहवाल लागत नाही. भर पावसात माळ्यावर जाऊन दिवा बंद करून उभे राहा. उजेड कुठून येतो आणि थेंब कुठे पडतो, ते दिसतं. मग हातात जाडसा स्क्रूड्रायव्हर घ्या आणि वासे भिंतीत शिरतात तिथे टोचत जा. मधला भाग टणटणीत आणि टोक भुसभुशीत, हा नेहमीचा प्रकार. वाळवीची मातीची वाट भिंतीवर दिसते का, तेही तिथेच बघा.

आणि एक, ठेकेदाराने जुनी कौलं ‘उचलून नेतो, त्याचे वेगळे पैसे घेत नाही’ असं म्हटलं असेल तर थांबा. मंगळूरला बासेल मिशनचा कौलांचा कारखाना १८६५ साली सुरू झाला, त्या जुन्या छापाची कौलं आणि त्या काळच्या चौकटी, खांब, कड्या यांना आज रिसॉर्टवाल्यांकडून चांगली मागणी आहे. तुमच्या घरावर कोणता छाप आहे ते एखादं कौल उलटं करून पाहा. पत्रा घालायचा आणि कौलं फुकट न्यायची, यात कोणाचा फायदा आहे ते मी वेगळं सांगायला नको.

चिऱ्याच्या भिंतीला बाहेरून सिमेंट प्लास्टर, हे तर पैसे देऊन नुकसान विकत घेणं झालं. जांभा सच्छिद्र असतो; पावसात पाणी पितो आणि ऊन पडलं की सोडतो. त्याला सिमेंटने आणि वरून प्लास्टिक रंगाने बंद केलं की पाणी फटीतून आत शिरायचं ते शिरतंच, बाहेर मात्र येत नाही. दोन पावसाळ्यांत प्लास्टर फुगतं, आतल्या बाजूला लोणा, म्हणजे खारट पांढरा थर, येतो, आणि बघायला आलेला माणूस भिंतीला हात लावून म्हणतो, ‘ओल आहे वाटतं.’ त्याऐवजी चिरा घासून स्वच्छ करा, सांध्यांच्या दरजा भरा, आतून चुन्याचा हात द्या. खर्च फार थोडा, आणि चौथ्या प्रकारच्या गिऱ्हाइकाला हवं तेच नेमकं दिसतं. फरशीलाही हात लावू नका. जुना कोबा तडकला असेल तेवढाच जोडून घ्या.

मागच्या स्लॅबबद्दल मला खरी काळजी आहे. त्या काळात किनाऱ्यालगत खाडीची वाळू सर्रास वापरली गेली. वाळूतलं मीठ सळईला गंजवतं, गंजलेली सळई फुगते, आणि स्लॅबच्या खालच्या बाजूने खपल्या सुटतात. छताला सळईच्या रेषेत सरळ तडे आहेत का, तांबूस डाग आहेत का, हातोडीने हलकं ठोकल्यावर पोकळ आवाज येतो का, बघा. असेल तर त्यावर प्लास्टर आणि रंग मारून विकायचा मोह होईल. तो टाळा. पहिलं कारण व्यवहाराचं: शहरातून येणारा माणूस आता सोबत इंजिनिअर आणतो, आणि एक लपवलेली गोष्ट सापडली की तो उरलेल्या सगळ्या घरावर संशय घेतो. दुसरं कायद्याचं: मालमत्ता हस्तांतरण कायदा १८८२ च्या कलम ५५ प्रमाणे, घेणाऱ्याला साध्या पाहणीत कळणार नाही असा मोठा दोष विक्रेत्याला माहीत असेल तर तो सांगणं त्याच्यावर बंधनकारक आहे. स्लॅब फार खराब असेल तर जसा आहे तसा दाखवा आणि किंमत त्या हिशेबाने बोला. पडण्याच्या बेतात असेल तर पाडून जागा साफ करून ठेवलेली बरी. मात्र संडास त्याच भागात असल्याने एक चालू, स्वच्छ संडास-बाथरूम कुठेतरी हवंच. अंदाजपत्रकातले १.५० लाख मला पटले ते एवढेच.

उरलेलं पटकन सांगतो. वीज मीटर बंद पडून कायमचा तोडला असेल तर तो परत जोडून घ्या. दिवा लागत नाही ते घर लोक पडकं समजतात. वायरिंग नवं, साधं, भिंतीवरून पट्टीत. रान काढा, गडगा पडलाय तिथे रचून घ्या, पागोळ्यांचं पाणी जोत्यापासून लांब जाईल असा चर मारा. घरातलं अडगळीचं सामान मात्र सगळं काढा, कारण भरलेल्या माजघराचा आकार कोणाला कळत नाही.

विहीर उपसून साफ करा, आणि मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात पाण्याची पातळी दिसेल असा फोटो काढून ठेवा. मुंबईहून आलेला प्रत्येक जण ‘मे महिन्यात पाणी असतं का?’ हे विचारतोच, आणि ‘असतं हो’ या उत्तरावर कोणी विश्वास ठेवत नाही. तो शेजारच्या काकूंना विचारून खात्री करून घेतो, तेव्हा त्या काकूंशी तुमचे संबंध बरे असलेले चांगले.

करासाठी सी.ए. गाठा, पण ढोबळ गणित असं. २३ जुलै २०२४ पासूनच्या विक्रीवर दीर्घ मुदतीच्या भांडवली नफ्याला इंडेक्सेशनशिवाय, म्हणजे महागाईप्रमाणे मूळ किंमत वाढवून न धरता, १२.५ टक्के कर आहे. त्याआधी मिळालेल्या जमीन-घराच्या बाबतीत निवासी व्यक्तीला २० टक्के इंडेक्सेशनसह हा पर्याय लावून कमी भरेल तो कर भरता येतो, आणि २००१ च्या आधीच्या मालमत्तेला १ एप्रिल २००१ ची किंमत मूळ किंमत म्हणून धरता येते. त्यासाठी मूल्यांककाचा दाखला आताच काढा. ‘खर्च केला तर कर वाचेल’ असं कोणी सांगितलं असेल तर हिशेब करा: सगळे १४ लाख सुधारणा खर्च म्हणून मान्य झाले तरी १२.५ टक्क्यांनी वाचतात १ लाख ७५ हजार. रंगरंगोटी आणि किरकोळ डागडुजी त्यात सहसा बसत नाही, आणि गावातल्या कामाची अर्धी बिलं चिठ्ठीवर असतात. जमीन ग्रामीण शेतजमीन ठरते का, यावरही बरंच अवलंबून आहे, तेव्हा बिनशेती करण्याच्या आधी हाच प्रश्न सी.ए.ला विचारा, नंतर नाही.

पूर्ण नूतनीकरण करून विकणं परवडतं अशा दोन जागा आहेत, त्या सांगितल्या नाहीत तर उत्तर एकांगी होईल. रत्नागिरी शहरात किंवा चिपळूणला फ्लॅट असेल तर रंग, नळ, स्वयंपाकघर यांचे पैसे बऱ्यापैकी वसूल होतात, कारण तिथे घेणारा लगेच राहायला येतो आणि शेजारचा फ्लॅट तुलनेला असतो. चिपळूणला तळमजला असेल तर मात्र २२ जुलै २०२१ च्या पुरात पाणी कुठवर आलं होतं, हाच पहिला प्रश्न येतो. तिथे रंगाने काही होत नाही. दुसरी जागा म्हणजे समुद्राजवळ आधीच चालू असलेला निवास-न्याहारीचा व्यवसाय, ज्याचा हिशेब कागदावर दाखवता येतो. तिथे तुम्ही घराबरोबर चालू धंदा विकता. तुमचं घर या दोन्हींत बसत नाही.

शेवटी पैसे कोण घालणार हा प्रश्न राहतो. तुम्ही एकट्याने घालणार असाल तर तीन लाखसुद्धा तोंडी ठरवून घालू नका. सामाईक घरावर एकाने केलेला खर्च विक्रीनंतर बाकीच्यांना आठवत नाही, आणि आठवला तर ‘आम्ही कुठे करायला सांगितलं होतं’ असा आठवतो. खर्च किती, कशावर, आणि विक्रीच्या रकमेतून तो आधी वजा होऊन मगच वाटणी, एवढं मुद्रांकावर लिहून सगळ्यांच्या सह्या घ्या. काकांच्या मुलांना पहिल्यांदा विचारा की घर त्यांनाच हवंय का. वाडीतल्या वाडीत व्यवहार झाला तर दलाली नाही, शाकारणीही नाही, आणि वाटेचा प्रश्नही नाही.

गणपतीला सगळे गावी येतीलच, आत्यांच्या घरचेही. सह्या, आधारकार्डं, वंशावळ यांचं काम त्या चार दिवसांत जेवढं होईल तेवढं वर्षभरात होणार नाही, आणि पाऊस चालू असल्याने माळ्यावरची पाहणीही तेव्हाच होऊन जाईल. शाकारणीचा माणूस मात्र तेव्हाच बोलून, थोडी उचल देऊन धरून ठेवा. दिवाळीनंतर लगेच त्याला कामाला लावा. फेब्रुवारी उजाडला की तो आंब्याच्या बागेत गेलेला असेल आणि मेपर्यंत फोन उचलणार नाही.